रिपोर्टसाठी कोणतं टूल? एका खातेउताऱ्याची कसोटी

व्यवसायाचं सॉफ्टवेअर बनत असताना रिपोर्टचा विषय नेहमी शेवटी निघतो. स्क्रीन झाले, नोंदी पडायला लागल्या, की मग कुणीतरी म्हणतं, 'आता रिपोर्टचं बघायला हवं.' तोवर मुदत जवळ आलेली असते आणि टीममधल्या एखाद्याला जे टूल आधीपासून येतं तेच सगळ्यांच्या गळ्यात पडतं. मग ते सहजासहजी उतरत नाही. स्क्रीन काही वर्षांनी नवे होतात, डेटाबेसही बदलतो, पण दोनशे रिपोर्टचा ढीग दुसऱ्या टूलमध्ये हलवायला कुणी पुढे येत नाही.

म्हणून ही निवड लवकर करावी, आणि तुलनेचे तक्ते बघून करू नये. पीडीएफ, एक्सेल, चार्ट, ठरल्या वेळी ईमेल, या सगळ्यांपुढे सगळ्याच टूलना बरोबरची खूण असते. ती खोटीही नसते. पण घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच: ती गोष्ट करायला किती खटाटोप पडतो आणि वर्षभराने बदलायला किती पडतो. माझं मत सरळ आहे. तुमच्याकडचा सगळ्यात छळणारा रिपोर्ट घ्या, एकाच माणसाकडून तो दोन टूलमध्ये करून घ्या आणि झाल्यावर त्यात एक कॉलम वाढवायला सांगा. हे शेवटचं काम ज्यात कमी कटकटीने होईल, ते तुमचं टूल.

आधी ढीग वेगळे करा

'रिपोर्ट' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मागितल्या जातात. पहिली म्हणजे कागद: बीजक, खातेउतारा, पगारपत्रक, प्रमाणपत्र. हा बाहेरच्या माणसाच्या हातात जातो, त्याची मांडणी ठरलेली असते, रेघ दोन मिलिमीटर सरकली तरी फोन येतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नाचं उत्तर: या तिमाहीत कोणत्या विभागाची विक्री का घसरली? इथे मांडणीचं कुणाला काही पडलेलं नसतं, पण एका आकड्यावर क्लिक करून आत जाता आलं पाहिजे. तिसरी गोष्ट म्हणजे 'सगळं एक्सेलमध्ये द्या, पुढचं आम्ही बघतो.' इथे रिपोर्ट नको असतो, कच्चा माल हवा असतो.

तिन्हींसाठी एकच टूल शोधायला गेलात तर तिन्हींत मध्यम निघणारं काहीतरी हाती लागतं. बहुतेक ठिकाणी दोन टूल लागतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

या तिन्हींत अवघड काम कागदाचं. म्हणून कसोटीलाही कागदच घेऊ.

कसोटीचा रिपोर्ट

ग्राहकांचा खातेउतारा. हजार ग्राहक, प्रत्येकाचा उतारा नव्या पानावर सुरू. पानांचे आकडे त्या ग्राहकापुरते, म्हणजे 'पान २ / ३'. वर सुरुवातीची शिल्लक, प्रत्येक ओळीपुढे नावे, जमा आणि त्या क्षणाची शिल्लक. पान भरलं की तळाशी 'पुढे नेले', पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून'. शेवटच्या पानावर येणे रकमेची ३०, ६०, ९० दिवसांची फोड. सगळ्यांची एक एकत्र फाइल छपाईसाठी, आणि प्रत्येकाची वेगळी ईमेलसाठी.

वाचायला साधा वाटतो. यातलं 'पुढे नेले' आणि ग्राहकापुरते पान-आकडे या दोनच गोष्टी बऱ्याच टूलना घाम फोडतात. कारण पान कुठे तुटणार हे डेटाबेसला माहीत नसतं, ते मांडणी करणाऱ्यालाच कळतं.

क्रिस्टल रिपोर्ट्स: म्हातारा, पण कागदात पक्का

१९९३ च्या व्हिज्युअल बेसिक ३ बरोबर आलेलं हे टूल पुढे व्हिज्युअल स्टुडिओ २००८ पर्यंत मायक्रोसॉफ्टच्या पेटीतच मिळत होतं. त्यामुळे जगभरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे रिपोर्ट ठासून भरलेले आहेत. आज ते एसएपीकडे आहे.

आपला खातेउतारा क्रिस्टलमध्ये नीट होतो. ग्रुपच्या (इथे एकेका ग्राहकाच्या नोंदींच्या गटाच्या) पर्यायांत पान-आकडा पुन्हा एकपासून सुरू करण्याची खूण आहे, ती केली की 'पान २ / ३' ग्राहकापुरतं येतं. 'पुढे नेले' साठी छपाई चालू असताना चालणारं व्हेरिएबल लिहायचं. इथे एक खाच आहे: क्रिस्टल आधी पानाचा माथा छापतं आणि मग ग्रुपचा. व्हेरिएबल ग्रुपच्या माथ्यावर शून्य केलं, तर नव्या ग्राहकाच्या पहिल्या पानावर 'मागील पानावरून' म्हणून आधीच्या ग्राहकाची शिल्लक छापून येते. शून्य करायचं ते ग्रुपच्या तळाशी, आणि शेवटच्या पानावरचं 'पुढे नेले' दडवायचं. एकदा कळलं की कळलं, पण अशा कळलेल्या गोष्टी एका माणसाच्या डोक्यात राहतात आणि तो माणूस नोकरी सोडतो.

क्रिस्टलच्या खऱ्या अडचणी कागदाच्या नाहीतच. रिपोर्ट ज्यात साठतो ती आरपीटी फाइल बायनरी आहे, म्हणजे वाचता येईल असा मजकूर नाही. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) ठेवली तरी कालच्या आणि आजच्या आवृत्तीत काय बदललं ते दिसत नाही. कुणीतरी एका फॉर्म्युल्यात कंस हलवलेला असतो आणि तो शोधायला दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडून डोळे फोडावे लागतात. शिवाय त्याचं रनटाइम मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कला बांधलेलं आहे, नव्या डॉटनेटवर ते चालत नाही. म्हणजे सॉफ्टवेअर नव्यावर न्यायचं ठरलं की रिपोर्ट मागे राहतात. मग केवळ रिपोर्टसाठी एक जुनी सेवा वेगळी जिवंत ठेवायची, हा उद्योग अनेक ठिकाणी चालू आहे.

नवं सॉफ्टवेअर असेल तर क्रिस्टल घेऊ नका. जुनं असेल आणि नीट चालत असेल तर घाईघाईने काढूही नका. त्याबद्दल शेवटी बोलू.

एसएसआरएस आणि त्याची भावंडं

मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये एसक्यूएल सर्व्हर या आपल्या डेटाबेसबरोबर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, म्हणजेच एसएसआरएस आणलं. याची रिपोर्टची आरडीएल फाइल एक्सएमएलमध्ये असते, त्यामुळे काय बदललं ते निदान दिसतं. रिपोर्ट सर्व्हरवर ठेवा, हक्क ठरवा, दर सोमवारी सकाळी ईमेल जाऊ द्या, हे सगळं तयार मिळतं. एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स आधीच असेल तर वेगळा खर्च नाही, आणि आजवरच्या त्याच्या प्रसाराचं अर्धं कारण हेच.

खातेउताऱ्यात 'पुढे नेले' इथे सुखाने होतं, पण एका अटीवर: शिल्लक क्वेरीतूनच, म्हणजे डेटाबेसकडूनच हिशेब होऊन यायला हवी. डेटाबेसमध्ये विंडो फंक्शन (ओळीओळीने चालती बेरीज काढणारी सोय) वापरून प्रत्येक ओळीपुढे 'या ओळीनंतरची शिल्लक' आणि 'या ओळीआधीची शिल्लक' असे दोन कॉलम काढा. मग पानाच्या तळाशी त्या पानावरच्या शेवटच्या ओळीची पहिली शिल्लक दाखवायची आणि माथ्यावर पहिल्या ओळीची दुसरी. व्हेरिएबल नाही, शून्य करणं नाही. ग्राहकापुरते पान-आकडेही ग्रुपच्या पानतोडीच्या गुणधर्मात २००८ आर२ पासून आहेत.

त्रास होतो तो क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी. रिपोर्टची रुंदी आणि दोन्ही बाजूंचे समास मिळून कागदापेक्षा केसभर जास्त झाले, की पीडीएफमध्ये एकाआड एक कोरं पान येतं. प्रत्येक नव्या डेव्हलपरचे एकदा तरी यात नाकी नऊ येतात. तक्त्याचे मथळे प्रत्येक पानावर परत हवेत, तर ती खूण तक्त्याच्या गुणधर्मात असूनही चालत नाही. ग्रुपच्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड मोड' चालू करून तिथल्या स्थिर ओळीवर ती लावावी लागते. आणि एक्सेलमध्ये काढलेला रिपोर्ट: वरच्या शीर्षकाचा चौकोन खालच्या कॉलमच्या कडेशी तंतोतंत जुळला नाही, तर एक्सेलमध्ये सेल एकमेकांत विलीन होतात आणि हिशेबनीसाला साधं सॉर्टसुद्धा करता येत नाही.

भविष्याचं म्हणाल तर एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून वेगळं एसएसआरएस येत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायच्या रिपोर्टसाठी पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर पुढे केला आहे. २०२२ ची आवृत्ती शेवटची, तिला जानेवारी २०३३ पर्यंत आधार आहे. आरडीएल मात्र मेलेली नाही: तीच फाइल पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरवर चालते, आणि ढगातल्या पॉवर बीआयमध्ये 'पेजिनेटेड रिपोर्ट' म्हणूनही. त्यामुळे आज आरडीएल शिकणं वाया जात नाही, पण तुमचा ग्राहक स्वतःच्या जागेत एक्सप्रेस आवृत्तीवर सगळं चालवत असेल तर पुढची वाट काय, हे आधीच विचारून ठेवा.

आरडीएलसी हे याचंच सर्व्हरशिवाय, अ‍ॅप्लिकेशनच्या आत चालणारं रूप. लहान डेस्कटॉप सॉफ्टवेअरला बरं होतं. मायक्रोसॉफ्टचा त्याचा व्ह्यूअर नव्या डॉटनेटसाठी आलाच नाही, त्यामुळे नव्या कामात त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

जॅस्पररिपोर्ट्स

जावावाल्यांचं हे ठरलेलं उत्तर. २००१ मध्ये टिओडोर डांचू यांनी सुरू केलेली लायब्ररी, एलजीपीएल लायसन्स, म्हणजे विकायच्या बंद सॉफ्टवेअरमध्येही वापरता येते. मांडणी क्रिस्टलसारखीच पट्ट्यांची: पानाचा माथा, ग्रुपचा माथा, तपशील, तळ. क्रिस्टलवरून येणाऱ्याला आठवडाभरात हात बसतो.

पानागणिक बेरीज इथे घरचीच गोष्ट आहे, व्हेरिएबल कधी शून्य व्हावं याच्या पर्यायांत 'पान' हा पर्यायच दिलेला आहे. 'पान २ / ३' साठी दोन चौकोन शेजारी ठेवायचे, एक तिथल्या तिथे भरणारा आणि दुसरा शेवटी भरणारा. विचित्र वाटतं, पण चालतं. हजार ग्राहकांची एकत्र फाइल करताना मेमरी संपू नये म्हणून पानं डिस्कवर उतरवत नेणारा व्हर्च्युअलायझर आहे. तो चालू करायचा असतो, स्वतःहून चालू नसतो. पहिल्या वर्षअखेरीला सर्व्हर कोसळतो तो बहुधा यामुळेच.

दोन इशारे. २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत रिपोर्टची मांडणी ठेवणाऱ्या जेआरएक्सएमएल फाइलची रचनाच बदलली. जुन्या फाइल जॅस्परच्या स्टुडिओ या डिझायनरमधून नव्या रूपात आणाव्या लागतात. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं अजून जुन्या रचनेची आहेत, ती जशीच्या तशी चिकटवली तर चालणार नाहीत. दुसरा इशारा देवनागरीचा, आणि तो मोठा आहे.

जोडाक्षरांची परीक्षा

देवनागरी, बंगाली, अरबी, थाई अशा लिप्यांत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, त्यांची जुळणी करावी लागते. वेलांटी आधी सरकते, रफार वर चढतो, जोडाक्षर एकत्र येतं. हे काम करणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि पीडीएफ बनवणाऱ्या सगळ्या लायब्ररींत ती नसते. जॅस्पर ज्या जुन्या पीडीएफ लायब्ररीवर उभं राहिलं तिच्यात ती नव्हती. स्क्रीनवर 'विद्यार्थी' नीट दिसतं आणि पीडीएफमध्ये सुटी अक्षरं, पाय मोडलेला 'द' आणि चुकीच्या जागी वेलांटी. ठरावीक लिप्यांची अक्षरं आकार म्हणून काढण्याचं सेटिंग जॅस्परमध्ये आहे, पण ते शोधून लावावं लागतं, आणि फॉन्ट वेगळ्या जारमध्ये (जावाच्या पॅकेज फाइलमध्ये) बांधून द्यावा लागतो.

म्हणून कोणतंही टूल बघताना डेमो इंग्रजीत बघू नका. 'दुसऱ्या', 'विद्यार्थी', 'सर्वांच्या', 'ज्ञानेश्वर', 'शुद्धिपत्र' एवढे शब्द असलेलं एक पान काढायला सांगा. छापलेलं बघा, आणि मग पीडीएफमधून तोच शब्द शोधूनही बघा. कधीकधी दिसायला सगळं बरोबर असतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही. फाइल जतन करून ठेवणाऱ्याला ते फार जाचतं.

एचटीएमएल लिहा, पीडीएफ काढा

वेबवर काम करणाऱ्या तरुण टीमचा हा पहिला विचार असतो, आणि अनेकदा बरोबर असतो. टेम्प्लेट साधा मजकूर, गिटमध्ये लख्ख दिसतो. टीममधल्या कुणालाही बदलता येतो. ब्राउझर वापरत असाल तर देवनागरी ब्राउझरइतकी अचूक येते. बीजक, कोटेशन, प्रमाणपत्र अशा एक-दोन पानी कागदांना यापेक्षा सोपं काही मला माहीत नाही.

पण 'एचटीएमएलमधून पीडीएफ' हे एक टूल नव्हे, यात वेगवेगळी मंडळी आहेत. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ अजून जुन्या लेखांत सुचवलेलं दिसतं. त्याच्या कोडचं भांडार जानेवारी २०२३ मध्ये कुलूपबंद झालं आणि त्यातलं इंजिन त्याहून कितीतरी जुनं आहे. नव्या कामात नकोच. पपेटिअर आणि प्लेराइट हे खराखुरा क्रोम पडद्याशिवाय चालवतात. वीझीप्रिंट आणि प्रिन्स ही कागदासाठीच घडवलेली इंजिनं. पहिलं मुक्त आणि पायथॉनमधलं, दुसरं विकत घ्यायचं.

आता खातेउतारा लावा. तक्त्याचे मथळे पानोपानी परत येणं, ओळ मध्येच न तुटणं, हे क्रोमला जमतं. २०२४ च्या अखेरीस आलेल्या १३१ व्या आवृत्तीपासून पानाच्या समासात मजकूर आणि पान-आकडेही सीएसएसने (वेबपानाच्या मांडणीच्या नियमांनी) टाकता येतात. पण 'पुढे नेले' ला क्रोम अडतं. या पानावरची शेवटची शिल्लक कोणती, हे समासातल्या मजकुराला सांगायची सोय त्याच्यात नाही. वीझीप्रिंट आणि प्रिन्समध्ये आहे: प्रत्येक ओळीतल्या शिलकीला नाव द्यायचं आणि समासात 'पानाच्या सुरुवातीची' किंवा 'पानावरची शेवटची' किंमत मागायची. एसएसआरएससारखंच, शिल्लक क्वेरीतून आलेली असली की काम दोन ओळींचं होतं.

ग्राहकापुरते पान-आकडे हवेत तर सगळ्यांचा एकच अवाढव्य दस्तऐवज करण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक ग्राहकाची फाइल वेगळी काढा, ईमेलला तीच लागणार आहे, आणि छपाईसाठी सगळ्या एकत्र जोडा. हजार वेळा क्रोम उघडायचा नाही, एकदा उघडून त्यातच पानं फिरवायची. तरीही मेमरी भरपूर खातो. त्यासाठी रांग लावणारी वेगळी सेवा ठेवा, मुख्य अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात हे नको.

या मार्गाची दुसरी बाजू अशी की बाकी सगळं तुम्हालाच करायचं असतं. तारखा निवडायची खिडकी, वेळापत्रक, कुणी कोणता रिपोर्ट काढला याची नोंद, एक्सेलची वेगळी वाट. आठ-दहा रिपोर्टना हे परवडतं. दोनशेंना परवडत नाही, तिथे तुम्ही नकळत स्वतःचं रिपोर्टिंग टूल लिहायला बसता.

विकत मिळणारे कॉम्पोनंट

हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे तयार भाग: डेव्हएक्सप्रेस, टेलरिक, स्टिमुलसॉफ्ट, फास्टरिपोर्ट, अ‍ॅक्टिव्हरिपोर्ट्स. यांच्यात आपसात फरक आहेत, पण निवड करणाऱ्याच्या दृष्टीने ते एकाच घरातले. पट्ट्यांची मांडणी, नव्या डॉटनेटवर चालणं, ब्राउझरमध्ये डिझायनर. हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरू शकतो: तुमच्या ग्राहकाला स्वतः बीजकाची मांडणी बदलायची असेल, तर तुमच्याच सॉफ्टवेअरच्या आत चालणारा डिझायनर देणं यांच्याइतकं सोपं कुठेच नाही. क्रिस्टलवरून बाहेर पडणाऱ्या डॉटनेट टीमने पहिल्यांदा इथेच बघावं. काहींकडे आरपीटी फाइल आयात करायची सोय असते. मांडणी बरीचशी येते, फॉर्म्युले हाताने तपासावे लागतात.

पॉवर बीआय, मेटाबेस, सुपरसेट: वेगळ्या कामाची मंडळी

यांच्यापुढे आपला खातेउतारा ठेवायचाच नाही. हे प्रश्नांची उत्तरं देणारे आहेत, आणि त्यात उत्तम आहेत. मेटाबेस एका दुपारी उभं राहतं आणि एसक्यूएल न येणारा व्यवस्थापक संध्याकाळपर्यंत स्वतःचे प्रश्न विचारू लागतो. सुपरसेट एअरबीएनबीत २०१५ मध्ये सुरू झालं, आता अपाचे संस्थेकडे आहे. चार्टचे प्रकार भरपूर, पण उभं करायला आणि सांभाळायला जाणता माणूस हवा. पॉवर बीआयचं बळ त्याच्या डेटा मॉडेलमध्ये आणि एक्सेल वापरणाऱ्यांच्या ओळखीच्या वातावरणात.

इथे दोन जागी फसगत होते. एक, लायसन्सचं गणित. पॉवर बीआयचा डिझायनर फुकट असतो, पण रिपोर्ट बघणाऱ्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, नाहीतर सर्व्हरची क्षमता विकत घ्यावी लागते. पाच बघणारे असताना ठरवलेलं टूल पाचशे झाल्यावर जड होतं. दोन, एक्सेल. पॉवर बीआयच्या व्हिज्युअलमधून एक्सेल फाइलमध्ये एका वेळी १,५०,००० ओळीच बाहेर येतात, सीएसव्हीत ३०,०००. मेटाबेस स्क्रीनवर सुट्या नोंदींच्या २,००० ओळी दाखवतं, पण डाउनलोडला दहा लाखांपर्यंत देतं. 'सगळं एक्सेलमध्ये द्या' म्हणणारा माणूस या मर्यादेवर आपटला की दोष तुमच्या सॉफ्टवेअरला देतो.

एक्सेल हवंय ना, मग एक्सेलच द्या

कच्च्या मालाची मागणी असेल तर रिपोर्ट टूलमधून एक्सपोर्ट करू नये, सरळ लायब्ररीने फाइल लिहावी. जावात अपाचे पीओआय, त्यातही मोठ्या फाइलसाठी ओळी डिस्कवर सोडत जाणारा प्रकार, डॉटनेटमध्ये क्लोज्डएक्सएमएल, पायथॉनमध्ये ओपनपायएक्सएल. एक पान, एक मथळ्याची ओळ, विलीन सेल नाहीत, लोगो नाही. हिशेबनीस दुवा देईल.

सांभाळायचं ते आकड्यांचं रूप. एक्सेल आकड्याचे पंधरा अंकच अचूक धरतं. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून लिहिला तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. ००४५ हा कोड ४५ होतो. असे कॉलम मजकूर म्हणूनच लिहायला हवेत. आणि जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. ही निव्वळ पुस्तकी माहिती नव्हे: २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी आकडेवारीत यायच्या राहिल्या, त्याचं कारण हीच जुन्या फाइलची मर्यादा होती.

तक्त्यात नसलेले दोन मुद्दे

पहिला हक्कांचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्री प्रतिनिधीला फक्त त्याचे ग्राहक दिसतात. तो नियम अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये लिहिलेला असतो. रिपोर्ट टूल मात्र थेट डेटाबेसला जोडलेलं, त्याला तो नियम ठाऊकच नाही. मग प्रतिनिधी ब्राउझरच्या पत्त्यातला एक आकडा बदलतो आणि शेजाऱ्याचा उतारा उघडतो. टूल निवडताना विचारा: कोण रिपोर्ट काढतोय हे त्याला कसं कळणार, आणि ही गाळणी कुठे लागणार? लायब्ररी आणि कॉम्पोनंट यात सोपे, कारण माहिती तुमचाच कोड देतो. वेगळा सर्व्हर असलेल्या टूलमध्ये हे काम दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि काहींमध्ये ओळीनिहाय हक्क पैसे भरलेल्या आवृत्तीतच असतात.

दुसरा लायसन्सचा. 'मुक्त' या शब्दावर जाऊ नका. आयटेक्स्ट ही पीडीएफ लायब्ररी पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून एजीपीएलखाली आहे. बंद सॉफ्टवेअरमध्ये वापरायची तर विकतचं लायसन्स घ्यावं लागतं. ईपीप्लस ही डॉटनेटची एक्सेल लायब्ररी पाचव्या आवृत्तीपासून व्यावसायिक वापराला फुकट राहिली नाही. पॅकेज अपडेट करताना डेव्हलपरला हे दिसत नाही, ग्राहकाच्या तपासणीत दिसतं.

तर मग कुणी काय घ्यावं

नवं वेब सॉफ्टवेअर, कागद थोडे आणि लहान: एचटीएमएल आणि क्रोम. लांबलचक खातेउतारे आणि 'पुढे नेले' असेल तर क्रोमऐवजी वीझीप्रिंट किंवा प्रिन्स. जावाचं सॉफ्टवेअर आणि रिपोर्ट पन्नासच्या वर: जॅस्पर, सातव्या आवृत्तीपासूनच सुरुवात करा, मागची उचलू नका. एसक्यूएल सर्व्हरच्या घरात राहणारी अंतर्गत कंपनी-सॉफ्टवेअर, जिथे दर आठवड्याला ईमेलने रिपोर्ट जायचे आहेत: आरडीएल. डॉटनेटमधलं विकायचं उत्पादन, ज्यात प्रत्येक ग्राहकाला आपली मांडणी हवी: विकतचा कॉम्पोनंट, डोळे मिटून. व्यवस्थापकांचे प्रश्न: यातलं काहीही नको, मेटाबेस किंवा पॉवर बीआय, आणि तेही चालू डेटाबेसवर नको, त्याच्या प्रतीवर.

काहीही घेतलंत तरी बेरजा, शिलकी, ३०-६०-९० ची फोड डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये (तिथे जतन केलेल्या क्वेरीत) किंवा तुमच्या कोडमध्ये ठेवा, रिपोर्टच्या फॉर्म्युल्यात नको. वर बघितलंच, शिल्लक क्वेरीतून आली की दोन वेगळ्या टूलमध्ये 'पुढे नेले' जवळजवळ सारखंच झालं. आकडे टूलच्या बाहेर असले की टूल फक्त मांडणीपुरतं उरतं, आणि मांडणी हलवणं हे दिवसांचं काम असतं, वर्षांचं नाही.

आणि ज्यांच्याकडे आधीच शेकडो रिपोर्टचा ढीग आहे त्यांनी टूल निवडण्याआधी ढीग मोजावा. एसएसआरएस असेल तर रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये एक्झिक्यूशनलॉग३ नावाचा व्ह्यू आहे. कोणता रिपोर्ट कुणी, कधी काढला, किती वेळ लागला, सगळं त्यात मिळतं. फक्त तो मुळात ६० दिवसांचीच नोंद ठेवतो, म्हणजे वर्षअखेरीचे रिपोर्ट त्यात दिसणारच नाहीत. तो आकडा आजच ४०० करा. क्रिस्टल किंवा इतर काही असेल तर रिपोर्ट उघडण्याच्या जागी कोडमध्ये एक ओळ घालून नाव, वापरणारा आणि वेळ एका टेबलात लिहायला लावा. वर्ष फिरलं की ज्यांना कुणी हातही लावला नाही असे रिपोर्ट आधी बाजूला काढा, आणि उरलेल्यांतला सगळ्यात किचकट कसोटीला घ्या.